मदत हवी आहे: लीडरबोर्डवर खरं काम आणि पॉइंट्ससाठीची धावपळ वेगळी कशी करायची?

एका लहान मुक्तस्रोत क्रिप्टो प्रकल्पाचा लीडरबोर्ड मी सांभाळतो. बग कळवणं, भाषांतर, नवख्यांना उत्तरं देणं याचे पॉइंट्स मिळतात. टोकन (प्रकल्पाची क्रिप्टो नाणी) वाटणार हे जाहीर झाल्यापासून एकाच साच्यातल्या पोस्टींचा पूर आलाय. जिने वॉलेटमधला गंभीर बग शोधला ती मुलगी पार खाली गेली, हे मला फार लागलं.

एकाच माणसाची अनेक खाती ओळखायला, गॅसचे (व्यवहार शुल्काचे) पैसे एकाच पत्त्यावरून आलेली वॉलेट्स एकत्र धरून पाहिली. पण एक्स्चेंजच्या हॉट वॉलेटमधून (सगळ्या ग्राहकांना पैसे पाठवणाऱ्या सामाईक वॉलेटमधून) पैसे काढणारे प्रामाणिक लोकही त्यात अडकले. रोजची मर्यादा घातली, तर पॉइंट्ससाठी धावणाऱ्यांनी खाती वाढवली. २०२४ मध्ये लेयरझीरो या क्रिप्टो प्रकल्पाने सिबिल खात्यांना (एकाच माणसाने चालवलेल्या अनेक खात्यांना) स्वतःहून कबुली दिल्यास त्यांना मिळणार असलेल्या टोकनांचा १५ टक्के वाटा देऊ केला होता. तसं द्यायला आमच्याकडे तेवढे टोकन नाहीत. केवायसी करायची नाही, आणि तपासायला आम्ही दोघंच.

आता पॉइंट्स उशिरा द्यायचा विचार आहे: कोड मर्ज झाल्यावर (मुख्य कोडमध्ये घेतला गेल्यावर), किंवा विचारणाऱ्याने उत्तर मान्य केल्यावर. हे कोणी प्रत्यक्ष राबवलंय का? किती दिवस थांबलात, आणि एकमेकांची उत्तरं मान्य करणाऱ्या टोळ्या कशा पकडल्यात?