सरयू वर्गाच्या गस्ती जहाजांवर क्षेपणास्त्रे का नाहीत?

वास्कोकर:
गोवा शिपयार्डने बांधलेली सरयू, सुनयना, सुमेधा आणि सुमित्रा ही चार जहाजे २०१३-१४ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी १०५ मीटर, पण शस्त्रे म्हणाल तर पुढे ७६ मिलिमीटरची एक तोफ आणि ३० मिलिमीटरच्या दोन सहा नळ्यांच्या तोफा, एवढीच. याच्या जवळपास निम्म्या लांबीच्या वीर वर्गातील नौकांवर मात्र जहाजविरोधी क्षेपणास्त्रे असतात. मग एवढे मोठे जहाज असे हलके का ठेवले असावे?

दर्यावर्दी:
आपण लांबीवरून ताकद मोजत आहात, तेथेच घोटाळा होतो. वीर वर्गाची नौका वेगाने जाऊन मारा करून परतण्यासाठी आहे. सरयूचे काम समुद्रात टिकून राहण्याचे आहे. दोन डिझेल इंजिनांवर ताशी १६ सागरी मैलांच्या वेगाने ती ६,००० सागरी मैल जाऊ शकते, म्हणजे इंधन न भरता पंधरा दिवसांहून अधिक. लांबी लागते ती मोठ्या लाटांत स्थिर राहण्यासाठी, इंधनासाठी आणि मागच्या हेलिकॉप्टर डेकसाठी. क्षेपणास्त्रे चढवली की त्यांच्या जोडीला रडार, मारा-नियंत्रण यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसे येतात, खर्च वाढतो, आणि मासेमारी नौकेची तपासणी करताना त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या पूर्वेस सुमित्राने चाच्यांच्या ताब्यातील इमान ही इराणी मासेमारी नौका तिच्यावरील १७ जणांसह सोडवली आणि लगेच अल नईमी या दुसऱ्या नौकेवरील १९ पाकिस्तानी खलाशांची सुटका केली. ओलीस ज्या नौकेवर आहेत, तिच्यावर क्षेपणास्त्र कोण डागणार? तेथे लागतात हेलिकॉप्टर, लहान वेगवान बोटी आणि नौकेवर चढणारे सैनिक.

निळे_पाणी:
यात माणसे उचलून आणण्याचे कामही धरावे. २०१५ मध्ये येमेनमधून अडकलेल्या भारतीयांना आणताना सुमेधाने एडन बंदरातून ३४९ जणांना घेऊन जिबूती गाठले होते. शंभराच्या आसपास खलाशांसाठी बांधलेल्या जहाजावर एवढ्या लोकांना, त्यांत लहान मुलेही असताना, रात्रभर कोठे बसवायचे, कोठे निजवायचे, याची कल्पना करून पाहा.

दर्यावर्दी:
छोटी दुरुस्ती: एडनला गेली ती सुमित्रा. सुमेधाने २०२३ मध्ये पोर्ट सुदानहून २७८ जणांना जेद्दाला नेले. नावे इतकी सारखी आहेत की चूक होणारच! त्यात सरयू हे नाव आधी सुकन्या वर्गातील एका जहाजाचे होते, जे पुढे श्रीलंकेला दिले गेले.

वास्कोकर:
उलगडा झाला. मात्र एक शंका उरते. युद्ध पेटले, तर शत्रूच्या क्षेपणास्त्रापुढे या जहाजाला त्या दोन ३० मिलिमीटरच्या तोफांवरच भिस्त ठेवावी लागेल का?

दर्यावर्दी:
बऱ्याच अंशी होय, आणि म्हणूनच युद्धकाळात तिला आघाडीवर एकटी पाठवण्याऐवजी बंदरांच्या जवळची गस्त किंवा मालवाहू जहाजांची सोबत देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.