अनुभव धागा: कुणाचा, कशाचा आधार मिळाला?

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध आता गुन्हा नाही असा, तेव्हा बाबांनी रिमोट उचलून चॅनल बदललं. मी तिथेच कांदेपोहे खात बसलो होतो. निकालाचा आनंद दुसऱ्या दिवशी, ऑफिसातल्या एका मित्राबरोबर, चहाच्या टपरीवर झाला. म्हणून हा धागा. हेल्पलाइन, गट, समुपदेशक, घरचं माणूस... तुम्हाला नेमका कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, ते लिहा. नावं बदला. ज्यानं अजून घरी सांगितलेलं नाही, तो ओळखू येईल असं काही लिहू नका.

पुणे, ३४

कॉलेजात असताना समपथिक ट्रस्ट या पुण्यातल्या समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन केला. त्याआधी तीनदा रिंग गेल्यावर कापला होता. पलीकडचा माणूस मराठीत बोलला, ही माझ्यासाठी मोठीच गोष्ट. तोवर जे वाचलं ते इंग्रजीत, आणि मराठीत या विषयावर मला फक्त शिव्या येत होत्या. मी विचारलं, "हे लग्नानंतर जातं का?" ते म्हणाले, "नाही जात. आणि त्या मुलीचं काय?" मुलीचा विचार मी तोवर केलाच नव्हता, खरं सांगतो.

ठाणे, ५८, आई

माझ्या लेकीनं सांगितलं तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हार्मोनच्या तपासण्या लिहिल्या, वर झोपेच्या गोळ्या. २०१९ सालची गोष्ट. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलेलं होतं, पण मला कोण सांगणार? पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे 'बदलण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. त्या गोळ्या लेकीनं निमूट घेतल्या, हेच मला अजून टोचतं.

मग 'स्वीकार' या पालकांच्या गटाच्या बैठकीला गेले. वाटलं, सगळे मुलांबद्दल रडतील. पहिला अर्धा तास चर्चा कशावर, तर गणपतीत नातेवाईक "लग्नाचं काय?" विचारतात तेव्हा काय सांगायचं! एका काकांचं उत्तर होतं, "मोदक घ्या." इतकी हसले नव्हते मी कित्येक महिन्यांत. घरी येऊन यांना म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही पण चला. हे आले तिसऱ्या बैठकीला, आणि मागे बसले.

लातूर जिल्हा, २३, ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी नोंद मुलगी म्हणून)

आमच्याकडे गट-बिट काही नाही. घर दोन खोल्यांचं, फोनवर कुजबुजलं तरी आजीला ऐकू जातं. शेतीची लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला मी जातो, तिथून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचो. पैसे लागत नाहीत, रात्रभर चालू असतो, मराठीत बोलता येतं. बांधावर बसून बोललो, पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात गेलं एकदा. २०२३ मध्ये केंद्राच्या पोर्टलवर अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांकडचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र मिळवलं. शपथपत्र लागलं, वैद्यकीय तपासणी नाही. कार्डावर माझं नाव आहे, मी ठेवलेलं. घरात ते पत्र्याच्या पेटीत तळाशी.

नाशिक, २१

गटात एकदा गेलो. सगळे इंग्रजीत. परत गेलो नाही. हॉस्टेलचा रूममेट "बरं, मेसचं कूपन घेतलंस का?" एवढंच म्हणाला, ते पुरलं.

कोल्हापूर, ४६, शिक्षिका

सातवीतला एक मुलगा. पोरं 'बायल्या' म्हणायची. मला उशिरा कळलं की तो शाळेत पाणीच पीत नाही, स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून. तिथे त्याला गाठून काय काय व्हायचं, ते इथे लिहीत नाही. एनसीईआरटीनं (शालेय शिक्षणाची केंद्रीय संस्था) २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती, आक्षेप आल्यावर ती संकेतस्थळावरून हटली. मी ती आधीच उतरवून ठेवलेली, वाचली. हा मुलगा पुढे कोण होईल मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. स्टाफच्या स्वच्छतागृहाची जादा किल्ली त्याला दिली. मुख्याध्यापकांना "त्याला पोटाचा त्रास आहे" म्हटलं, खोटंच. दहावीचा निरोप समारंभ झाल्यावर त्यानं किल्ली परत आणून दिली. ती माझ्या पर्समध्येच आहे. यंदाच्या आठवीत एकाला लागेलसं दिसतंय.