टायरच्या खुणा आणि वेग
अपघातस्थळी ब्रेकमुळे उमटलेल्या टायरच्या खुणेची लांबी मोजली की गाडीचा वेग आपोआप कळतो, असे म्हटले जाते; पण ते अर्धेच खरे आहे, कारण त्या गणितात रस्त्याच्या घर्षणालाही तितकेच महत्त्व असते. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप) ०.७ धरल्यास २० मीटरच्या खुणेवरून ताशी सुमारे ६० किलोमीटर वेग निघतो. परंतु तीच खूण जुलैच्या पावसात भिजलेल्या मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर उमटलेली असेल आणि घर्षणांक ०.४ असेल, तर उत्तर ४५ पर्यंत खाली येते. म्हणून पंचनाम्यात नुसती लांबी नव्हे, तर रस्ता ओला होता की कोरडा, डांबरी की काँक्रीटचा, याचीही नोंद हवी. शिवाय खूण धडकेपाशीच संपत असेल, तर निघालेला आकडा हा किमान वेग समजावा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांच्या खुणा तर पुष्कळदा इतक्या पुसट असतात की पहिल्याच सरीत त्या नाहीशा होतात. अशा वेळी सीसीटीव्ही चित्रीकरणाच्या चौकटी (फ्रेम) मोजून वेग काढता येतो. मात्र त्या चित्रीकरणासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.