विषय: वरच्या बेडरूमपर्यंत हवा पोचतच नाहीये

नमस्कार मंडळी,
आमची वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली बेडरूम हिवाळ्यात गारठते आणि उन्हाळ्यात तिथे बसवत नाही, खाली मात्र सगळं ठीक. फर्नेस (घर गरम करणारं मशीन) सारखी चालू, बिलं वाढतच चाललीयत. बघायला आलेला माणूस म्हणाला मशीन लहान पडतंय, मोठं घ्या. तोवर मी न वापरातल्या दोन खोल्यांचे व्हेंट (खोलीत हवा येते त्या जाळ्या) बंद करून ठेवलेत, म्हणजे तेवढी हवा तरी तिकडे जाईल. कोणाला असा अनुभव आहे का?

---

उत्तर:

ताई, मशीनची घाई अजिबात करू नका आणि आधी ते दोन व्हेंट उघडा. वाटा बंद केल्या की डक्टमधला, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळातला, दाब वाढतो आणि जिथे फट असेल तिथून हवा आणखी जोरात बाहेर जाते, हव्या त्या खोलीत जाईलच असं नाही.

आमच्याकडे हेच झालं होतं. शेवटी मी ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) चढलो तर त्या खोलीचा फ्लेक्स डक्ट (वाकणारा नळ) कॉलरवरून, म्हणजे तो बसवतात त्या पत्र्याच्या कड्यावरून, निसटून खाली पडलेला, तोंडाशी हात धरला तर गरम हवेचा झोत! सगळी हवा ॲटिकमध्येच जात होती. एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाचा अंदाज आहे की साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती आणि सैल जोडांमुळे वाया जाते, तेव्हा मशीन मोठं आणलं तरी ते त्याच भोकांतून हवा सोडणार ना.

ब्लोअर (मशीनचा पंखा) चालू ठेवून एकेका जोडावरून ओला हात फिरवा, गार झुळूक लगेच कळते. उदबत्तीच्या धुराने अजून नीट दिसतं पण ॲटिकमध्ये इन्सुलेशनजवळ ती नेऊ नका, खाली मशीनपाशीच वापरा. आणि फायबरग्लासचं इन्सुलेशन जिथे काळपट पडलंय ती जागा आधी बघा, हवा गळते तिथे ते धूळ गाळत बसतं म्हणून काळं होतं. फ्लेक्स कुठे मुडपलाय, लोंबतोय का तेही बघा.

---

काका, थँक्यू! घरात डक्ट टेपचा रोल पडलाय, तीच गुंडाळू का?

---

ताई, मधे बोलतो, ती कापडी टेप नको. गरम-गार होऊन तिचा गोंद सुकतो आणि टेप सुटते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅब या राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ च्या सुमारास डक्टच्या जोडांवर निरनिराळ्या टेपा आणि सीलंट तपासले होते, त्यात कापडी डक्ट टेपच टिकली नव्हती. मॅस्टिक आणा, घट्ट लेपासारखं असतं, ब्रशने जाडसर लावायचं, मोठी फट असेल तर आधी फायबरग्लासची जाळी चिकटवून वरून मॅस्टिक. टेपच हवी तर यूएल १८१ (डक्टच्या सामानाचं मानक) लिहिलेली फॉइलची घ्या, आणि पत्रा आधी स्वच्छ पुसा नाहीतर तीही धरत नाही. निसटलेला फ्लेक्स मात्र कॉलरवर चढवून पट्ट्याने आवळायचाच. सील झाल्यावरच वरून इन्सुलेशन, आधी गुंडाळलंत तर गळती आत झाकली जाते.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. जुन्या घरात डक्टला पांढरट कागदासारखं काही गुंडाळलेलं असेल तर हात लावू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या. आणि गॅसची फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल त्या खोलीतला रिटर्न (घरातली हवा मशीनकडे परत नेणारा डक्ट) गळत असेल तर तो त्याच खोलीतली हवा ओढतो, धूर चिमणीतून वर जायच्याऐवजी घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म हवाच, आणि काम झाल्यावर जाणकाराकडून ड्राफ्ट, म्हणजे धूर चिमणीतून नीट वर ओढला जातो का ते, तपासून घ्या.

---

काका, दादा, शनिवारी आम्ही दोघं वर चढलो. डक्ट निसटला नव्हता पण Y आकाराच्या जोडाशी बोट जाईल एवढी फट, आजूबाजूचं इन्सुलेशन अगदी काकांनी सांगितलं तसं काळं! शिवाय पुढे तो एका तुळईवरून मुडपलेला, तो सरळ करून पट्टीने उचलून बांधला, जोडाला जाळी आणि मॅस्टिक. आधी त्या खोलीच्या व्हेंटसमोर टिश्यू धरला तर हलायचाही नाही, आता तो छताच्या दिशेने उडतो. अलार्म लावलाय. रिटर्न पुढच्या शनिवारी बघतोय, तोवर ड्राफ्ट तपासायला माणूस सांगून ठेवलाय.