७४०२ चं ट्रुथ टेबल जुळतच नाही

प्रश्न: डिप्लोमाचं दुसरं वर्ष. ब्रेडबोर्डवर ७४एलएस०२ (चार नॉर गेटांचा आयसी) लावलाय. पिन १ आणि २ इनपुट, ३ वर एलईडी, अगदी ७४०० या नँड गेटच्या आयसीसारखं. ट्रुथ टेबलात (कुठल्या इनपुटला कोणतं आउटपुट, त्याचा तक्ता) दोन्ही इनपुट शून्य असताना आउटपुट १ आहे, तरी एलईडी पेटत नाही. दोन्ही पाच व्होल्टला जोडले की आयसी तापतो. आयसी खराब निघाला का?

उत्तर: आयसीला बिचाऱ्याला कशाला दोष? डेटाशीटचं (आयसीच्या माहितीपत्रकाचं) पहिलं पान उघड आणि पिनांचं चित्र बघ. ७४०२ मध्ये गेट उलटं बसवलंय: १ आउटपुट, २ आणि ३ इनपुट. तू आउटपुटलाच पाच व्होल्ट देतोयस, तापेल नाही तर काय! १४ ला पाच व्होल्ट, ७ ला ग्राउंड, हे मात्र दोन्ही आयसींत सारखं. मीही यात एक आयसी जाळलाय, तेव्हा हसत नाही.

प्रश्नकर्ता: दादा, जमलं! पण एलईडी फार मंद. आणि टेबलात ०, १ ऐवजी एल, एच का?

उत्तर: एच, एल म्हणजे व्होल्टेजची पातळी. इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत एल, २ च्या वर एच. मधलं काही धरू नकोस. मंद का, ते आउटपुट करंटच्या ओळीत आहे: एच असताना −०.४ मिलीअँपिअर, एल असताना ८. उणे म्हणजे करंट पिनातून बाहेर येतो, उणे नसेल तर आत जातो; आत बराच जास्त चालतो. म्हणून एलईडी पाच व्होल्टकडून ४७० ओहमचा रेझिस्टर लावून आउटपुटला जोड. मग तो शून्याला पेटेल, टेबल वाचताना गोंधळू नकोस.

प्रश्नकर्ता: लख्ख पेटला. उरलेल्या तीन गेटांचे इनपुट मोकळे सोडलेत, चालेल?

उत्तर: नको, ग्राउंडला लाव.