मदत हवी आहे: जूनमध्ये दोघं, स्लोव्हेनिया ते बोस्निया. व्हिसाचा हिशोब बरोबर आहे का?

नमस्कार. मी नाशिकची. शाळेत शिकवते, येत्या ३१ मेला निवृत्त होते. हे सार्वजनिक बांधकाम खात्यात होते, नोकरीतली बरीच वर्षं पुलांच्या कामावर गेली. आमचा परदेशप्रवास म्हणजे दोनदा सिंगापूर, लेकीकडे. तिथे सगळं तिनंच पाहिलं. स्वतः आखलेला हा पहिलाच प्रवास, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल तोफांच्या माऱ्यानं नेरेत्वा नदीत कोसळला, तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. यांनी तो कापून ठेवला. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. आजही आहे. पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, त्याचा फोटो मात्र यांनी कधी लावला नाही. "तो प्रत्यक्ष बघायचा," म्हणतात. मला यांना तिथे न्यायचं आहे. बाकी सगळं त्याभोवती जमवलेलं आहे.

आखणी अशी, ५ जूनपासून १६ रात्री: ल्युब्लियाना (स्लोव्हेनिया) ३, मग क्रोएशियात प्लिटवित्से १, स्प्लिट ३, ह्वार बेट २, तिथून मोस्तार २, पुन्हा क्रोएशियात दुब्रोव्हनिक ३, कोटोर (मॉन्टेनेग्रो) २, मग क्रोएशियातल्या झाग्रेबहून परतीचं विमान. तिकिटं अजून काढलेली नाहीत. गाडी चालवणार नाही, बस आणि बोटीनंच जाऊ.

एजंट म्हणतात, क्रोएशिया आता शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आला, त्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसा पुरे, आणि विमान आधी ल्युब्लियानाला उतरतंय म्हणून अर्ज स्लोव्हेनियाकडे करायचा. हे बरोबर आहे का? दुसरं, माझा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालते, जिने उतरताना त्रास होतो. या गावांत पायऱ्या किती? आणि आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं. तिथे काय मागायचं?

खिडकीची जागा:
ताई, तिकीट काढू नका. आधी हे वाचा.

मी म्युनिकला राहतो, या रस्त्यांनी तीनदा गेलोय. एजंटचं अर्धंच खरं आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि युरोही त्याच दिवशी आला. पण बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाहीत. देश मोजू नका, उंबरा किती वेळा ओलांडता ते मोजा. ल्युब्लियानाला उतरलात, पहिला प्रवेश. स्प्लिट-ह्वारहून मोस्तारला गेलात की बाहेर. मोस्तारहून दुब्रोव्हनिकला आलात, दुसरा प्रवेश. कोटोरला गेलात, पुन्हा बाहेर. विमानासाठी झाग्रेबला आलात, तिसरा प्रवेश. म्हणजे दोन प्रवेशांचा व्हिसा मिळाला तरी तुम्ही कोटोरलाच अडकाल.

अर्ज कुठे करायचा, तर जिथे जास्त रात्री राहणार तिथे. तुमच्या यादीत क्रोएशियाच्या नऊ आहेत आणि स्लोव्हेनियाच्या तीन, तेव्हा अर्ज क्रोएशियाकडे जायला हवा. आधी कुठे उतरता हे दिवस समसमान असतील तरच बघतात.

मी असा मार्ग घेईन: ल्युब्लियाना, प्लिटवित्से, स्प्लिट, ह्वार, दुब्रोव्हनिक. इथपर्यंत सगळं शेंगेनच्या आत. मग कोटोर, तिथून मोस्तार, शेवटी सारायेवो, आणि सारायेवोहूनच इस्तंबूलमार्गे मुंबई. शेंगेनमध्ये प्रवेश एकच होतो. काकांचा पूलही प्रवासाच्या शेवटी येतो.

तरीही अर्जात मल्टिपल एन्ट्रीच (कितीही वेळा आत-बाहेर करता येणारा व्हिसा) मागा. वैध शेंगेन व्हिसा असेल तर हे दोन्ही देश भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा मागत नाहीत, पण बोस्नियाच्या नियमात मल्टिपल एन्ट्री हे शब्द स्पष्ट आहेत. एका प्रवेशाचा व्हिसा दुब्रोव्हनिकहून बाहेर पडताच वापरून संपतो, त्यावर बोस्नियाच्या सीमेवर भरवसा ठेवू नका. अर्जासोबतच्या पत्रात पूर्ण मार्ग तारखांसह लिहा, मल्टिपल का हवा ते एका वाक्यात सांगा. व्हिसाची शेवटची तारीख सारायेवोच्या विमानाच्या पुढे असायला हवी, तीही मागा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दोन देशांच्या दूतावासांची पानं स्वतः वाचा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर हे कागद घेऊन बसले, नकाशा काढला आणि शेंगेनच्या प्रत्येक प्रवेशावर रेघ मारली. तीनच आल्या. सकाळी एजंटना फोन केला तर म्हणाले, "मल्टिपल मागितलं की संशय येतो, दोन मागू." त्यांना नवा मार्ग लिहून पाठवलाय.

एक शंका. दुब्रोव्हनिकला जाताना किनाऱ्यावर मध्येच बोस्नियाचा तुकडा लागतो असं नकाशात दिसतंय. तिथे पुन्हा बाहेर पडणं होणार नाही का?

खिडकीची जागा:
बरोबर बघितलंत. तो नेउमचा पट्टा. बोस्नियाला समुद्र तेवढाच, साधारण २० किलोमीटर. पूर्वी क्रोएशियातून क्रोएशियात जायलाही तिथे दोन सीमा ओलांडाव्या लागत. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि तो फेरा टळला. २,४०४ मीटर लांबीचा केबलवर तोललेला पूल आहे, खाली समुद्र. काकांना हाही दाखवायलाच हवा. तिकीट काढताना बस पुलावरूनच जाते ना, हे विचारून घ्या.

मल्टिपल मागितल्यानं संशय येत नाही. मार्गात गरज दिसत असेल तर मागणं योग्यच आहे. एजंट ऐकत नसेल तर फॉर्म स्वतः भरा, अवघड नाही.

ओसरी:
गुडघ्याबद्दल मी लिहिते. माझं ऑपरेशन झालंय आणि गेल्या जूनमध्ये आम्ही याच किनाऱ्यावर होतो.

दुब्रोव्हनिकच्या जुन्या गावातला मधला मोठा रस्ता सपाट आहे, पण त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्या म्हणजे जिनेच. आम्ही फोटो बघून जुन्या गावात खोली घेतली आणि बॅगा घेऊन ८० पायऱ्या चढलो. दोन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. खोली घेण्याआधी घरमालकांना विचारा, रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती. आकडा लेखी घ्या. लापाद किंवा ग्रूझ भागात राहिलात तर सपाटी मिळते, जुन्या गावाला सिटी बस जाते. बोटींचा धक्काही ग्रूझलाच आहे.

तटबंदीची फेरी १,९४० मीटरची, तिकीट ४० युरोच्या घरात, चढउतार सतत, सावली जवळजवळ नाही. तुम्ही ती सोडा. काकांना सकाळी उघडताच पाठवा. तुम्ही स्र्द टेकडीवर केबल कारनं जा, सगळं गाव आणि बेटं वरून दिसतात. मी तिथे दीड तास बसले होते.

प्लिटवित्सेला घाबरू नका. सोळा तळी आहेत, लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, आणि तिकिटातच बोट आणि गाडी येते, त्यामुळे बरंच चालणं वाचतं. तिकीट वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढा. फळ्या ओल्या असतात, चांगली पकड असलेले बूट हवेत. कोटोरच्या किल्ल्याला साधारण १,३५० पायऱ्या आहेत, तिकडे बघूही नका. त्याऐवजी पेरास्तला जा, होडीतून खडकावरच्या चर्चच्या बेटावर जाता येतं. ती दुपार माझी सगळ्यात आवडती.

मोस्तारबद्दल एक सांगते. पुलाची कमान चांगलीच चढी आहे आणि दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत. आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या आहेत, त्यांवरच पाय ठेवा. उतरताना काकांचा हात धरा.

मीठभाकर:
जेवणाचं माझ्याकडून. आम्ही दोघं पक्के शाकाहारी, बोस्नियात दहा दिवस राहिलो, उपाशी राहिलो नाही.

बेकरीला तिथे पेकारा म्हणतात, सकाळी लवकर उघडते. बोस्नियात बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हटलं की फक्त मांसाचा. हे पाठ करा. चीज हवं तर सिर्नित्सा, बटाटा हवा तर क्रोम्पिरुशा, पालक-चीज हवं तर झेल्यानित्सा. वेटोळं घातलेलं असतं, वजनावर मिळतं, सोबत दही घ्या. क्रोएशियात मात्र चीजच्यालाही बुरेकच म्हणतात, तिथे "सा सिरोम" असं सांगावं लागतं. "बेझ मेसा" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द सगळीकडे चालतात. पण त्यात मासे येतात, ते वेगळं सांगा. सूप शक्यतो घेऊ नका, पाणी मांसाचं असतं. किनाऱ्यावर काळा भात दिसेल तो माकुळाच्या शाईचा. ब्लित्वा नावाची पालेभाजी बटाटा-लसूण घालून करतात, ती माशांसोबत देतात पण वेगळी मागता येते. मला ती आपल्या घरच्या भाजीसारखी लागली. मॉन्टेनेग्रोत "पोस्नो" लिहिलेलं दिसलं तर तो ऑर्थोडॉक्स लोकांचा उपासाचा पदार्थ, दूध-मांस नसतं, मासे मात्र असू शकतात.

खोलीत स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. टोमॅटो, काकडी, पीच आणि भाजलेल्या मिरच्यांचं आयवार यांवर दोन संध्याकाळी सहज निघतात.

रमतगमत:
माझं मत वेगळं आहे. सोळा रात्रींत आठ मुक्काम फार होतात. गुडघा दुखत असताना दर दोन दिवसांनी बॅग उचलायची? ल्युब्लियाना सुंदर आहे, मान्य, पण तुमच्या प्रवासाचं कारण मोस्तार आहे. सरळ झाग्रेबला उतरा, स्लोव्हेनिया गाळा, आणि तीन रात्री मोस्तार-सारायेवोला द्या. ह्वारची कॅटामरान (जलद बोट) स्प्लिटहून तासाभराची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. बेटावर मुक्कामाची गरज नाही.

ओसरी:
ल्युब्लियाना गाळायला माझी हरकत नाही. पण ह्वारला रात्र राहायलाच हवी. दिवसाच्या बोटी गेल्या की धक्क्यावरचं गाव एकदम शांत होतं. एक मुक्काम ठेवा.

खिडकीची जागा:
एक महत्त्वाचं राहिलं. कोटोरहून मोस्तारच्या काही बस दुब्रोव्हनिकवरून जातात. तशी बस घेतलीत तर क्रोएशियात पुन्हा शिरणं आलं आणि इतका जमवलेला हिशोब मोडला. बोस्नियातल्या त्रेबिन्येवरून जाणारी बस बघा, नसेल तर त्या दिवसापुरती टॅक्सी ठरवा. खर्च होईल, पण तिथे कंजूषी नको.

दुब्रोव्हनिक ते कोटोर अंतर साधारण ९० किलोमीटर, पण सीमेवर उन्हाळ्यात तास-दोन तास जातात. आता शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यात आणखी वेळ जातो. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. विमा फक्त शेंगेनपुरता घेऊ नका. किमान ३०,००० युरोचं संरक्षण व्हिसासाठी लागतंच, पण बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोची नावं पॉलिसीत आहेत ना, ते वाचा. मॉन्टेनेग्रोत युरोच चालतो, बोस्नियात मार्क. साधारण दोन मार्क म्हणजे एक युरो.

मोस्तारहून सारायेवोला बसनं जाऊ नका, रेल्वेनं जा. दोन तासांच्या प्रवासात बराच वेळ नेरेत्वेचा काठ, बोगदे आणि पूल लागतात. काकांना खिडकी द्या. गाड्या दिवसाला मोजक्याच, वेळ आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा.

धागाकर्ती:
काल दिवसभर बसून नवी आखणी केली. झाग्रेब १, प्लिटवित्से १, स्प्लिट ३, ह्वार १, दुब्रोव्हनिक ३ (लापादला, घरमालकीणबाईंनी पायऱ्या लेखी कळवल्या, नऊ), कोटोर २, मोस्तार ३, सारायेवो २. ह्वारहून स्प्लिटला परत येऊन पुढे बसनं जाणार, कारण यांना पेल्येशात्सचा पूल रस्त्यानंच ओलांडायचा आहे. ल्युब्लियाना गाळलं. अर्ज क्रोएशियाकडे, मल्टिपल एन्ट्री मागून, पत्र मी स्वतः लिहिलं. एजंटचं काम थांबवलं. परवा मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जायचंय.

एकाच प्रवेशाचा व्हिसा आला तर? तेव्हाही मोस्तारला जाता येईल असा काही मार्ग आहे का?

खिडकीची जागा:
आहे. बोस्नियाचा स्वतंत्र व्हिसा त्यांच्या दिल्लीच्या दूतावासात मिळतो. वेळ लागतो, म्हणून शेंगेनचा निकाल लागताच स्टिकरवर प्रवेशांच्या जागी काय लिहिलंय ते आधी बघा. "मल्ट" असेल तर काहीच करायचं नाही. आकडा असेल तर त्याच दिवशी दिल्लीला ईमेल करा आणि कोटोर गाळून दुब्रोव्हनिकहून थेट मोस्तारला जा, सुमारे १४० किलोमीटर. परत क्रोएशियात यायचं नाही, एवढंच सांभाळा. आणि तोवर परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच घ्या.

धागाकर्ती:
पासपोर्ट आज आले. दोन्हींवर "मल्ट" आहे, ५ जून ते १० जुलै. यांनी स्टिकर वाचलं, मग टेबलाची काच उचलून तो कागद काढला. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सोबत नेऊ म्हणतात.

ओसरीताई, पुलावर उतरताना ज्या पट्ट्या सांगितल्यात, त्या मधोमधच आहेत की कठड्याजवळही? मला कठडा धरून चालायची सवय आहे.

ओसरी:
पूर्ण रुंदीभर आहेत. कठड्याला हात लावून चाला. सकाळी आठच्या आत जा, तेव्हा पूल रिकामा असतो.