दान फक्त उपासनेपुरतंच का?
गाता येत नाही, उपदेश जमत नाही, मग देवाने दिलेलं दान, म्हणजे अंगची देणगी, वापरायचं कुठे, असा तुमचा प्रश्न. बायबलमधल्या मत्तय २५ मधला दाखला (बोधकथा) पुन्हा वाचा. मालक परदेशी जाताना आपले पैसे दासांवर सोपवतो. तिथले दोन दास चक्क व्यापार करतात! आणि त्यांना पैसे मिळतात ते तालांतांत; मूळ ग्रीकमधलं हे एक तालांत म्हणजे चिल्लर नव्हे. सुमारे ६००० दिनार (रोमी चांदीची नाणी), मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. सगळ्यांत कमी मिळालेल्यालाही एवढं.

मी हिशेब तपासते, चुका चटकन दिसतात. पूर्वी त्या दाखवून मिरवायचे (खोटं कशाला बोलू). मिळालेलं दान एकमेकांच्या सेवेसाठी वापरा, असं सांगणाऱ्या बायबलमधल्या १ पेत्र ४:१० या वचनातला ‘कारभारी’ हा शब्द तेव्हा टोचला. मालक नव्हे, कारभारी. हल्ली नवीन सहकाऱ्याला शेजारी बसवून चुका हुडकायला शिकवते. माझं काम मात्र मागे पडतं, त्यावर तोडगा सापडलेला नाही.